सोसायटीचं गेट बदलायचंय, सहा लाख घालायच्या आधी छोट्यात करून कसं बघायचं?

घोडबंदरकर_७ (ठाणे)
सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

आम्ही वाघबीळला राहतो, चार विंग, २१२ फ्लॅट आणि सगळ्यांना मिळून एकच गेट. सकाळी ७ ते पावणेआठ तिथे जे चालतं ते एकदा येऊन बघाच. ६ स्कूलबस, त्यातल्या दोन आत घुसतात बाकीच्या बाहेर रस्त्यावर, पोरं आणि त्यांच्या आज्या बूम बॅरियरच्या अगदी खाली, ऑफिसला निघालेल्या गाड्या मागून हॉर्न देतायत कारण घोडबंदर रोडला पाच मिनिटं उशिरा लागलात की पुढे अर्धा तास गेलाच, आणि या सगळ्यातून दूधवाला उलट्या बाजूने. जूनमध्ये एका आजोबांच्या पायावरून बाईकचं चाक गेलं, हाड मोडलं नाही नशीब, पण तेव्हा कुठे कमिटीला जाग आली.

मी एक्झिबिशनचे स्टॉल डिझाईन करतो. तेवढ्यावरून "तू डिझाईनवाला ना, काढ एक प्लॅन" असं झालं आणि मी काढला. गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला ५ फुटी फुटपाथ, ६ इंच उंच, त्याच्या टोकाला पोरांसाठी शेड आणि बाकडं, आणि आतला रस्ता बागेभोवती वन-वे. त्यासाठी ९ पार्किंग काढावी लागतात. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं ६ लाख ४० हजार.

आता खरं सांगू का, मलाच खात्री वाटत नाहीये. स्टॉलच्या कामात आम्ही आधी फोमबोर्डचं १:२० मॉडेल करतो, मग गोडाऊनमध्ये जमिनीवर टेप मारून पूर्ण मापात चालून बघतो, तेव्हा कळतं की कागदावर ऐसपैस दिसणारा पॅसेज दोन माणसं समोरासमोर आली की अडतोय. इथे पण तसंच करू म्हटलं, पंधरा दिवस ते ट्रॅफिकचे प्लॅस्टिकचे कोन लावून बघू. चेअरमनकाका म्हणाले, "करायचं तर एकदाच नीट करा, ही नाटकं कशाला."

तरी मी एका रविवारी सकाळी हौसेने खडूने सगळं आखलं. दुपारी पाऊस आला, फुटपाथ गटारात गेला. आणि रविवारी शाळाच नसते हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आठ-दहा जणांनी बघितलं, निम्मे "छान वाटतंय" म्हणाले, एक काका म्हणाले माझं पार्किंग गेलं तर मी रजिस्ट्रारकडे जाईन. झालं, एवढीच कमाई.

तर ट्रायल घ्यायची तर किती दिवस, मोजायचं काय, आणि तेही जवळपास फुकटात? एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, सप्टेंबरमध्ये आहे. कोणी असं काही केलंय का, अगदी वेगळ्या क्षेत्रातलं असलं तरी चालेल.


फराळवाली_नेरूळ
मंगळवार, सकाळी ६:५५

अहो, तुमच्या चेअरमनकाकांना विचारा, घरी काकू चकल्या करतात तेव्हा आधी काय करतात. एकच चकली पाडून तेलात सोडतात. विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, थोडी भाजणी वाढवायची, कडक झाली तर मोहन कमी पडलंय, चमचाभर गरम तेल घालून परत मळायचं. दोन किलोच्या चकल्या तळून झाल्यावर पहिल्यांदा चव बघणारी बाई मी तरी पाहिली नाही. याला नाटक म्हणतात का?

पण माझी एक फजिती सांगते, ती तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. मी घरून फराळाच्या ऑर्डर घेते. पहिल्याच वर्षी १० किलोची ऑर्डर आली, एका ऑफिसची. नियमाप्रमाणे एक चकली तळली, अशी खुसखुशीत झाली की शेजारणीला नेऊन दाखवली. मग मोठी कढई काढली, एका घाण्याला पंधरा-सोळा चकल्या सोडल्या आणि सगळ्या तेलकट, मऊ. पीठ तेच, सोऱ्या तोच, हात तोच. तीन घाणे वाया गेल्यावर नवऱ्याच्या लक्षात आलं (माझ्या नाही, हे लिहावं लागतंय) की एवढ्या चकल्या एकदम पडल्या की तेल गार होतं आणि आमच्या शेगडीचा जाळ तेवढं तेल परत तापवायला पुरत नाही. एका चकलीने पिठाची परीक्षा झाली होती, घाण्याची झालीच नव्हती. आता मी मोठ्या ऑर्डरला आधी एक चकली, मग एक पूर्ण घाणा तळते आणि त्यानंतरच बाकीचं पीठ भिजवते.

तुमचा रविवार म्हणजे ती एक चकली हो. आणि तीही न तापलेल्या तेलात, राग मानू नका.


ऐरोली_पिक्सेल
मंगळवार, दुपारी १:१०

"घाण्याची परीक्षा झालीच नव्हती", ताई, हे उद्या ऑफिसात बोर्डवर लिहिणार आहे, नाव तुमचंच देतो.

मी अॅपचे स्क्रीन डिझाईन करतो. कोडिंगला जायच्या आधी आम्ही कागदावर स्क्रीन काढून लोकांपुढे ठेवतो, त्यांनी बटणावर बोट ठेवलं की मी हाताने पुढचा कागद सरकवतो. लहान पोरांच्या खेळासारखं दिसतं आणि त्यातूनच सगळ्यात जास्त चुका सापडतात.

चेअरमनकाका तसे चुकीचं नाही बोलले, नाटकच असतं ते. पाम पायलट आठवतंय का, १९९६ चं, खिशात मावणारं डायरीसारखं यंत्र? ते बनवणारा जेफ हॉकिन्स आधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचा, कोणी विचारलं अमक्या दिवशी वेळ आहे का की ठोकळा काढून त्यावर टकटक करायचा, जसं काही खरंच चालू आहे. आत काहीच नाही. पण आतलं सर्किट चालेल का हे त्याला तेव्हा बघायचंच नव्हतं, ही वस्तू मी दिवसभर जवळ बाळगेन का आणि कशासाठी बाहेर काढेन एवढंच बघायचं होतं, तेवढ्याला लाकूड पुरलं.

दादा, तुझ्या प्लॅनमध्ये एक आयडिया नाहीये, चार आहेत. पोरं फुटपाथवर उभी राहतील का, गाड्या वन-वे पाळतील का, ९ पार्किंग गेल्यावर त्या गाड्या जाणार कुठे आणि शेड नेमकी कुठे हवी. तू चारही एकदम खडूने काढल्यास, म्हणून एकाचंही उत्तर आलं नाही. प्रत्येकीची वेगळी, स्वस्तातली स्वस्त ट्रायल कर. आणि मतं विचारू नकोस, समोर उभा राहून विचारलं की माणूस "छान" म्हणणारच. वॉचमनच्या केबिनपाशी कडेला उभा राहा आणि लोकांचे पाय कुठे पडतात ते बघ.

किती दिवस याचं म्हणशील तर, आमच्या लाईनीत जेकब नील्सन या युजेबिलिटीवाल्याचं (वस्तू वापरायला सोपी आहे का हे तपासणारा) २००० सालचं एक म्हणणं फार चालतं, ५ माणसांवर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी दिसतात. खरंय, पण लोक ते भलतीकडे ताणतात. पाच जणांत अडचण दिसते, ती किती टक्के लोकांना आहे ते पाच जणांवरून नाही सांगता येत. दोन सकाळी उभा राहिलास तर काय बिघडतंय ते दिसेल, पण एजीएममध्ये आकडा सांगायचा असेल तर जास्त सकाळी लागतील.

आणि रस्त्याचंच उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्क. मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला, ट्रायल म्हणून, बसायला चक्क स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या टाकून. टॅक्स्यांच्या जीपीएसवरून वेग मोजले, फेब्रुवारी २०१० मध्ये कायमचं करायचं जाहीर केलं, पक्कं बांधकाम त्याच्याही नंतर.


सेक्रेटरी_खारघर
मंगळवार, रात्री ९:३०

न्यूयॉर्क राहू द्या हो, तिथे जुलैत असा पाऊस पडत नाही आणि तिथल्या मेयरला बी विंगमधले काका भेटलेले नाहीत.

मी ११ वर्षं सेक्रेटरी आहे. ट्रायलला माझा विरोध नाही, न संपणाऱ्या ट्रायलला आहे. आमच्याकडे आधीच्या कमिटीने "तात्पुरते" म्हणून रिकामे ड्रम उभे केले, गाड्या कोपऱ्यावर लागू नयेत म्हणून. त्याला चार वर्षं झाली. त्यात आता लोकांनी कढीपत्ता आणि गवती चहा लावलाय आणि ड्रम हलवायचं नाव काढलं की दोन मजल्यांवरून आवाज येतो. काम झालं का, गाड्या थांबल्या का, कोणी बघितलंच नाही, कारण बघायचं काय हे कोणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून नोटीस बोर्डवर सुरू व्हायच्या दिवशीच संपायची तारीख लावा. आणि त्याच कागदावर लिहा की काय दिसलं तर प्लॅनमधला कुठला भाग रद्द. आधी लिहा, नंतर नाही. नंतर लिहिलं की ज्याला जे हवं तेच ट्रायलमध्ये दिसलेलं असतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फायर इंजिन आत येऊन वळेल का, हा मात्र कोन लावून बघायचा विषयच नाही. त्याला ९ मीटरची वळणत्रिज्या लागते, ती तुमच्या फुटपाथनंतर उरते का हे आर्किटेक्टकडून मोजून लेखी घ्या. काही गोष्टी करून बघायच्या नसतात.

एजीएम ३० सप्टेंबरच्या आत व्हावीच लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विषय अजेंड्यावर हवा. म्हणजे फार फार तर १५ सप्टेंबरला तुमचं सगळं कागदावर पाहिजे. आयत्या वेळच्या विषयात घुसवू नका, कोणीतरी उठून ऑब्जेक्शन घेणारच.


घोडबंदरकर_७
मंगळवार, रात्री १०:१५

ताई, न तापलेलं तेल मान्य. सेक्रेटरीसाहेब, आमच्याकडेही तसाच एक ड्रम आहे, फक्त तुळस आहे त्यात. आता तो काढायची काय टाप.


सानपाडा_काका
बुधवार, सकाळी ५:४०

मी खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नोकरी केली, आता रिटायर होऊन सानपाड्याला मुलाकडे असतो. संस्था १९१६ सालची. काम एका वाक्यात सांगायचं तर नदी, धरण, बंदर लहान करून बांधायचं आणि त्यात पाणी सोडून बघायचं. इथून समोर खाडीपलीकडे जेएनपीटी बंदर आहे त्याचेही अभ्यास तिथे झालेत.

आधी एक गंमत. तुम्ही पोरं प्रोटोटाईप म्हणता ते लहान किंवा कच्चं असतं. आमच्याकडे प्रोटोटाईप म्हणजे खरं धरण, आणि लहान ते मॉडेल. नवीन इंजिनियर आला की पहिला आठवडा याच्यातच गोंधळायचा.

नवीन भिंत घालून काय होईल हे मॉडेलला लगेच विचारायचं नाही. आधी आज जे आहे तेच मॉडेलमध्ये उतरवायचं. भरतीला पाणी इथवर चढतं, प्रवाह इथे इतक्या वेगाने जातो, हे समुद्रात मोजून आणलेलं असतं. तेच आकडे मॉडेलमध्ये येईपर्यंत तळ खरवडायचा, खडी टाकायची, परत पाणी सोडायचं. फार कंटाळवाणं काम, साहेब लोक दाखवायला पाहुणे घेऊन यायचे आणि आम्ही तळाला खडी चिकटवत बसलेलो. पण ते जुळल्याशिवाय नवीन भिंतीबद्दल मॉडेल जे सांगेल त्याला किंमत नाही. तुमच्याकडे आजच्या गेटचे आकडे आहेत का? बस किती वेळ थांबते, पोरं कुठे उभी असतात, किती गाड्या अडतात? नसतील तर कोन लावायच्या आधी दोन-तीन सकाळी नुसतं मोजा. एकही वस्तू हलवू नका.

दुसरं, लहान केलं की सगळं सारखं लहान होत नाही. १:१०० च्या मॉडेलमध्ये लांबी शंभरपट कमी होते पण वेळ दहापटच, शंभराच्या वर्गमूळाने, पाण्याच्या मॉडेलांना लागणारा हा फ्राऊडचा नियम. म्हणून १२ तास २५ मिनिटांचं भरती-ओहोटीचं चक्र सव्वा तासात उरकतं. खाडीसारखी लांबरुंद जागा असेल तर समजा १:४०० ला जावं लागलं, मग ८ मीटर खोल पाणी मॉडेलमध्ये २ सेंटीमीटर. एवढ्या पातळ थरात पाणी खाडीसारखं वागतच नाही, पृष्ठताण आणि तळाचं घर्षण डोक्यावर बसतात. म्हणून खोलीचं माप मुद्दाम वेगळं धरायचं, १:१०० धरलं की ८ सेंटीमीटर मिळतात. मॉडेल बेढब होतं, उतार चौपट उभे होतात, आणि मग लाट किनाऱ्यावर कशी फुटेल हे त्या मॉडेलला विचारायचंच नाही, त्यासाठी वेगळं बांधायचं. फराळवाल्या ताईंची कढई यातलीच.

तुमचा कोन हा सुद्धा बेढब फुटपाथ आहे. कोनाला धक्का देऊन बाईक पलीकडे जाते, फुटपाथच्या ६ इंची कडेवर चढायला ती दहा वेळा विचार करेल. तेव्हा कोनांच्या ट्रायलमध्ये बाईकवाले आत घुसले म्हणून फुटपाथ निकामी, असं ठरवू नका, ते उत्तर कोन देऊच शकत नाही. पोरं कुठे उभी राहतात हे मात्र कोन सांगेल.


लुईसवाडी_लोकल
बुधवार, दुपारी ३:०५

बाळबोध प्रश्न विचारतो. तुमच्या सोसायटीचा गणपती कुठे बसतो?


घोडबंदरकर_७
बुधवार, दुपारी ३:२०

बागेसमोर, जिथे ती पार्किंगची रांग...

अरे देवा.

तीच ९ पार्किंग. मंडप घालायचा असतो म्हणून दरवर्षी रिकामी करतो.


लुईसवाडी_लोकल
बुधवार, दुपारी ३:२४

मग दरवर्षी ट्रायल चालूच आहे की. त्या दिवसांत त्या ९ गाड्या कुठे जातात ते विचार, आणि तेव्हा रजिस्ट्रारकडे कोण गेलं होतं तेही. फक्त एक, सणासाठी माणूस जे सोसतो ते वर्षभर सोसेलच असं नाही, शिवाय त्या दिवसांत निम्मी सोसायटी कोकणात असते. तेवढं सोडून धर.


घोडबंदरकर_७
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:०५

रिपोर्ट देतो, कारण न दिला तर सानपाड्याचे काका पहाटे विचारतील.

आधी तीन सकाळी नुसतं मोजलं, मी आणि दहावीतली भाची, ती बसची वेळ लिहायची मी माणसं. बस सरासरी सव्वातीन मिनिटं थांबते. माझा समज होता की गाड्या बसमुळे अडतात. गाड्या अडतात त्या बॅरियरमुळे, वॉचमन प्रत्येक पोराला रस्ता करून द्यायला केबिनमधून बाहेर येतो आणि बॅरियर तोवर खालीच. हे दोन वर्षं रोज बघतोय पण दिसलं नव्हतं.

मग ८ शाळेचे दिवस ट्रायल. १२ कोन भाड्याने आणले आणि काकांचं ऐकून सुरुवातीच्या २० फुटांत खराच फुटपाथ केला, आमच्या स्टॉलचे जुने प्लायचे प्लॅटफॉर्म होते ४ इंची, खाली पट्ट्या मारून ६ केले. नोटीसवर तारीख, आणि लिहून ठेवलं की पाचव्या दिवसानंतरही निम्म्याहून जास्त बाईक उलट्या आल्या तर वन-वे रद्द.

वन-वे रद्द झाला. गाड्यांनी तिसऱ्या दिवसापासून पाळला, पण डिलिव्हरीवाल्यांनी एकही दिवस नाही आणि त्यांचंही बरोबर आहे, सी विंग गेटपासून उलट्या बाजूने चाळीस पावलांवर आहे, त्यासाठी अख्ख्या बागेला वळसा कोण घालेल. मीही नसता घातला.

शेडची जागा साफ चुकली होती. मी ती फुटपाथच्या टोकाला, झाडाखाली, चित्रात सुंदर दिसेल अशी ठेवली होती. तिथे पहिल्या दिवशी दोन पोरं उभी राहिली, दुसऱ्या दिवशी शून्य. सगळी केबिनच्या छज्जाखाली, कारण तिथून बस वळताना दिसते. एक आजी मला म्हणाल्या, "इतक्या लांब बसलो तर बस निघून जाईल की रे." बाकडं उचलून केबिनजवळ नेलं, त्या दिवसापासून भरलेलं. ओझं फक्त एका बाकड्याचं होतं म्हणून नेता आलं, काँक्रीटची शेड असती तर आजींनाच तिकडे जायला सांगितलं असतं मी.

एक गडबड पण झाली. पावसात प्लाय निसरडं झालं आणि चौथ्या दिवशी ए विंगमधल्या एक ताई घसरल्या, लागलं नाही पण बोलल्या बरंच काही. त्याच संध्याकाळी वर काथ्याची पायपुसणी ठोकली. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये गुळगुळीत टाईल होती, ती आता खरखरीत पेव्हर करायला सांगितलीय.

वन-वे गेल्यामुळे ९ ऐवजी ४ पार्किंग काढून भागेल असं दिसतंय, आर्किटेक्ट फायरचं माप बघून लेखी देणार आहेत. त्या ४ गाड्यांचं मंडपाच्या दिवसांत बघणार, कोकणवाले वजा करून. नवीन कोटेशन अजून आलेलं नाही.

चेअरमनकाका अजूनही नाटकच म्हणतात. फक्त "तुझं नाटक सव्वासातला सुरू होतं ना" असं विचारून छत्री घेऊन खाली येतात.


सेक्रेटरी_खारघर
रविवार, सकाळी ८:१५

सगळं ठीक. कोन परत गेले का?


घोडबंदरकर_७
रविवार, सकाळी ८:५०

१० गेले. दोन सी विंगच्या मागे स्टंप म्हणून उभे आहेत, मॅच चालू आहे, संपली की घेतो.